पाचवा पर्याय

ग्राझ, ९ मार्च

सेव्हेरिन,

अत्यंत गंभीर विषयावर लिहिते आहे, तेव्हा हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस. घर सोडताना तू ते टेबलाला स्क्रूने आवळायचं, हँडल फिरवायचं शार्पनर घेऊन गेलास. लग्न मोडलं ते समजू शकते, लोकांची मोडतात. पण शार्पनर? ते दोघांचं होतं. तेव्हापासून ह्या घरात एकाही पेन्सिलीला धड टोक आलेलं नाही. प्रवेशपरीक्षेच्या वर्गातले माझे विद्यार्थी नखाएवढ्या शार्पनरने टोकं काढतात, कचरा गालिच्यावर सांडतात आणि टोक मोडलं की ऑस्ट्रियाच्या आरोग्यव्यवस्थेचंच काहीतरी मोडलं असं तोंड करतात. टेबलाच्या कडेला स्क्रूचे व्रण अजून आहेत. कुणी विचारलं तर मी सांगते, इथे माझा नवरा लावलेला होता.

तुला वाटेल, इतक्या वर्षांनी हिला शार्पनर कुठून आठवलं. बरोबर वाटतंय तुला.

टिली इन्सब्रुकमध्ये आहे. ऑक्टोबरात बॅग भरली आणि गेली. "मैत्रिणीकडे राहते, बेकरीत काम करते, उरलेला वेळ अभ्यास करते," एवढं सांगते. रविवारी न चुकता फोन करते आणि आईने मैत्रिणीचं नाव विचारलं की न चुकता तिच्या फोनची बॅटरी संपते. इन्सब्रुकमध्ये बेकऱ्या पुष्कळ आहेत, मैत्रिणीही असतील. पण इन्सब्रुकमध्ये तूही आहेस.

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची नोंदणी ह्या महिन्याअखेर बंद होईल. नियम तुला वेगळा सांगायला नको. व्हिएन्ना, लिंझ, ग्राझ, इन्सब्रुक, ह्यांतलं एकच शहर भरायचं आणि जागा मिळालीच तर त्याच शहरात. दोन वेळा ती ग्राझमधून बसली आणि दोन्ही वेळा जागा अगदी थोडक्यात हुकली. ही शेवटची, असं तिनेच ठरवलंय. ह्या वेळी नाही झालं तर डॉक्टर व्हायचं नावसुद्धा काढणार नाही, आयुष्यभर पाव भाजेन म्हणते. शहर कुठलं भरलं हे मला सांगत नाही. तुला सांगते का? पाणी कुठेतरी मुरतंय, आणि ते तुझ्या घराच्या भिंतीत मुरतंय असा मला वास येतो.

जुना नियम आठवतो का? तू लष्करी सेवेत होतास तेव्हाचा. पत्राच्या शेवटी तर्काचा एक प्रश्न. उत्तर बरोबर आलं तर मी भोपळ्याच्या बियांच्या तेलाची एक बाटली द्यायची, चुकलं तर तू तुमचं ते पायमोज्यांच्या वासाचं करडं चीज. मी अजून चीज खाते. तुझ्या बाजूने काय शिल्लक आहे बघू.

एकही छत्री मासा नाही. काही मासे घंटा आहेत. काय निघतं? चार पर्याय लिहीत बसत नाही. पाचवा नेहमीचाच: यापैकी काहीच निघत नाही.

गेर्लिंडे


ग्राझ, २९ मार्च

सेव्हेरिन,

तुझं उत्तर पोचलं. टाइप केलेलं, सहीऐवजी नुसतं एक अक्षर. "शार्पनर सापडत नाही. टिली बरी आहे. शहर कुठलं भरलं ते तिलाच विचार. काही घंटा छत्र्या नाहीत."

बरोबर आहे. बाटली लागू झाली. आता मुद्द्याचं बोलू.

उत्तराखाली बाण का काढलेला आहे?

तू वर्तुळवाला माणूस. सगळं जग तुला वर्तुळांत बसवायचं असतं. माझ्या बहिणीच्या लग्नात तू नॅपकिनवर वर्तुळं काढून मला दाखवलं होतंस की सगळे व्याही मूर्ख असले तरी सगळे मूर्ख व्याही नसतात, आणि तो नॅपकिन नेमका व्याह्यांच्या हातात पडला. आंघोळीनंतर आरशावरच्या वाफेतसुद्धा तू वर्तुळं काढायचास. असे प्रश्न सोडवताना मी बाण काढते म्हणून तू मला काय काय म्हणालास ते मी विसरलेली नाही. आपण वर्ग एकत्र चालवत होतो तेव्हा निम्मी मुलं वर्तुळं शिकून बाहेर पडायची, निम्मी बाण, आणि घरी रात्रीच्या जेवणाला आपण दोघं निकाल लावायला बसायचो. आणि आता तुझ्या पत्रात बाण! तोही साधा नाही. शेपटीपाशी नकाराची छोटी काट मारलेला, माझा बाण.

तो बाण माझ्या वर्गाबाहेर कुणी काढत नाही. तुझ्या उत्तरात तो आहे. म्हणजे उत्तर लिहिणारी व्यक्ती माझ्या वर्गातून गेलेली आहे. हे अनुमान इतकं स्वच्छ आहे की फ्रेम करून भिंतीवर लावावं. आता नाव. टिली नाही, ती माझ्या वर्गात एक दिवस बसली नाही. माझ्या बाणांना ती 'आईच्या सुया' म्हणते. मग उरते झीग्रुन. आपल्याकडे मदतनीस म्हणून आली, दोघांकडून शिकली, दोघांच्याही चुका काढल्या आणि इन्सब्रुकला जाऊन स्वतःचा वर्ग काढला. तू मध्यंतरी शाळा सोडलीस असंही कानावर आलंय. निवृत्तीला इतकी वर्षं असताना गणिताचा मास्तर शाळा सोडतो तो काही फुलपाखरं पकडायला सोडत नाही. वर्ग काढताय का दोघं मिळून? माझे बाण आणि तुझी वर्तुळं, एकाच फीमध्ये?

असो. तुमचं तुम्ही बघा. एक गोष्ट मात्र फक्त तुझ्यासाठी लिहिते, कारण ती दुसऱ्या कुणाशी बोलता येत नाही.

मला वाटतं, टिलीला ह्याही वेळी मिळणार नाही.

छत्र्या आणि मासे ती चटकन सोडवते. पण वाक्यात तिच्या मनाला लागेल असं काही आलं की ती वाक्य सोडते आणि मनाला उत्तर देते. डॉक्टर झाल्यावर ते कदाचित चांगलंच असेल. परीक्षेत ते चालत नाही. मी इतकी वर्षं मुलं बघतेय, कोण पास होणार आणि कोण राहणार हे मला दुसऱ्या आठवड्यात कळतं, मग पोटच्या पोरीचं कळणार नाही? आणि कधी कधी मनात येतं, नाही झालं तर निदान घरी तरी परत येईल. मग स्वतःचाच राग येतो. हे तिला कळू देऊ नकोस. तू आयुष्यात पुष्कळ गोष्टी लपवल्यास, एवढी एक लपव.

प्रश्न: घंटा वाजली तर गाय उठते. गाय उठलेली नाही. काय निघतं?

गेर्लिंडे


ग्राझ, २१ एप्रिल

सेव्हेरिन,

"घंटा वाजलेली नाही." बरोबर. पुन्हा बाण, ह्या वेळी उलटा फिरवून दोन्ही टोकांना काट मारलेला. मी शिकवते अगदी तसा. ह्याखेरीज पत्रात एक शब्द नाही. मी एवढं पानभर लिहिलं, मुलीबद्दल लिहिलं, आणि तुझ्याकडून फक्त गायीची खबर. छान.

पण मला माहिती मिळायची ती मिळतेच. बुर्गीचा फोन आला होता. माझी मावसबहीण, तुमच्या मंडईत चीज विकते ती. आपल्या लग्नात नाचताना जिने तुझ्या बुटाचं टोक फाडलं ती.

"अगं, तुझा तो आला होता परवा मंडईत," म्हणाली.

"माझा कोण?"

"किती नवरे केलेस? सेव्हेरिन गं. आणि एकटा नव्हता."

मी म्हटलं, "मला काय करायचंय," आणि खुर्ची ओढून बसले.

"तरुण आहे हं," बुर्गी म्हणाली. "पोराटोरांसारखे बारीक कापलेले केस. दंडाला दंड. एक क्षण सोडत नव्हते एकमेकांना. आणि ऐक ना, भाव ती वाचते, पैसे ती मोजते, पिशवी ती धरते, आणि हा आपला मान वाकडी करून उभा, जत्रेत हरवलेल्या कोंबड्यासारखा."

"तुझ्याशी बोलला?"

"कुठला! बघून न बघितल्यासारखं केलं. मी समोर उभी, एवढी मोठी. माझ्याएवढी बाई दिसत नाही का माणसाला? मुद्दाम!"

"ती कशी आहे दिसायला?"

"गिऱ्हाइकं होती गं पुढे. पण गोड आहे. जाताना त्याचा मफलर नीट केला तिने."

मफलर! माझ्याबरोबर असताना तुला साधी कोबीसुद्धा मी निवडलेली चालायची नाही. भाजीवालीच्या हातातली पाटी हिसकावून भाव स्वतः वाचायचास. आणि आता तुला भाव वाचून दाखवायला माणूस लागतं! झीग्रुन काही तरुण नाही, पण बुर्गीच्या हिशोबी आपल्यापेक्षा लहान ती सगळी तरुण. ज्याचा जिच्यावर जीव जडला तो तिचा हात सोडत नाही. तू हात सोडत नव्हतास. मग मी काय समजायचं ते समजले. आणि एकच विचारते: माझी मुलगी ज्या शहरात आहे त्याच शहरात हे चाललंय, तिला ठाऊक आहे का? परीक्षेच्या तोंडावर तिला हे दाखवणार आहात?

आज प्रश्नात छत्र्या नाहीत, मासे नाहीत. परीक्षेत ते उगाच घालत नाहीत. माणसाला जगाबद्दल जे ठाऊक असतं ते त्याने दाराबाहेर ठेवून आत यावं म्हणून घालतात. मी आज दार उघडं ठेवते. बघू कोण काय घेऊन आत येतं.

सगळ्या आया काळजी करतात. काळजी करणारे काही जण विश्वास ठेवत नाहीत. काय निघतं?

गेर्लिंडे


ग्राझ, १५ मे

उत्तर नाही. गायीला तू आठवडा लावला नाहीस आणि आयांना महिना?

टिलीचा रविवारचा फोनही गेल्या वेळी आला नाही. त्याआधीच्या रविवारी आला तेव्हा म्हणाली, "आई, आवाज नीट येत नाहीये," आणि मला तर तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. तुम्ही तिघं मिळून काय शिजवताय ते मला कळल्याशिवाय राहायचं नाही.

गे.


ग्राझ, ४ जून

सेव्हेरिन,

चुकलास! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "काही आया विश्वास ठेवत नाहीत." बाण नाही, वर्तुळ नाही, नुसतं एक वाक्य. लिफाफा फोडला आणि मी स्वयंपाकघरात चक्क टाळ्या वाजवल्या. तुमचं ते करडं चीज आता मला आणून द्यावं लागेल, आणि मी ते खिडकी उघडी ठेवून, मजेत, एकटी खाईन असं ठरवलं.

मग किटलीत पाणी घालताना हात थांबला.

तू असा चुकत नाहीस. तू हजार गोष्टींत चुकतोस, त्यांची यादी माझ्याकडे आहे, पण ह्यात नाही. ही चूक आपण पहिल्या तासाला शिकवतो. आया काळजी करणाऱ्यांत आहेत. विश्वास न ठेवणारे काही जणही काळजी करणाऱ्यांत आहेत. एकाच ट्राममध्ये बसले म्हणून ते एकमेकांचे कुणी लागत नाहीत. उत्तर पाचवं: काहीच निघत नाही. झीग्रुन तर ह्यात मेली तरी चुकणार नाही, तिने आपल्या उत्तरपत्रिका तपासल्यात.

मग चुकलं कोण? छत्र्यांना चुकलं नाही, गायीला चुकलं नाही. वाक्यात आई आली आणि चुकलं.

असं चुकणारं माणूस मला एकच माहीत आहे. तिचं वर्णन मी स्वतः तुला लिहून पाठवलंय, मार्चमध्ये, ह्याच टेबलावर बसून.

मी बुर्गीला फोन लावला. "त्या मुलीच्या हनुवटीला व्रण आहे का गं?"

"कुठल्या मुलीच्या?"

"मफलरवाल्या!"

"आहे की. लहानसा, डाव्या बाजूला. कालच आली होती. का गं?"

"बुर्गी, ती टिली आहे."

"आपली टिली?" ती ओरडली. "जिने लहानपणी, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी, माझ्या मांडीवर सरबत सांडलं ती? अरे देवा! मला वाटलं नर्सबिर्स ठेवलीय त्याने. तो तर तिच्याशिवाय पायरीसुद्धा उतरत नाही. पाटीकडे बघायचं तर मान फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो. मी म्हटलं ना, कोंबड्यासारखा."

म्हटलं होतं तिने. मी ऐकलं होतं. ऐकून त्यातून झीग्रुन काढली होती.

शार्पनर सापडत नाही. शाळा सोडली. वर्तुळं बंद. भाव दुसरं कुणी वाचतं. सेव्हेरिन, माझी पत्रं तुला कोण वाचून दाखवतं?

टिली, इथून पुढे बाबांना वाचून दाखवू नकोस. हे तुझं आहे.

तू मार्चचं पत्र वाचलंस. ते वाचून गायीचं तेवढं उत्तर पाठवलंस, मग महिनाभर गप्प राहिलीस आणि मग आयांच्या प्रश्नाला उत्तर लिहिलंस. प्रश्नात जी दोन विधानं होती त्यांवरून ते उत्तर निघत नाही. पण तुझ्याकडे तिसरं विधान होतं आणि ते माझ्या अक्षरात होतं. तेव्हा चूक झाली असं मी तुला कुठल्या तोंडाने सांगू?

एवढंच सांगू शकते. तुला मिळणार नाही असं मी जे लिहिलं, ते मी वर्गात बसून तपासलं असतं तर लाल पेनाने अख्खं पान भरलं असतं. दोन वेळा हुकली, म्हणून तिसऱ्या वेळीही हुकेल. कशावरून? घंटा दोनदा वाजली नाही, म्हणून ती घंटाच नाही? मी ज्या मुलांना आयुष्यभर सांगत आले, 'पाचव्या पर्यायाला घाबरू नका, काहीच निघत नसेल तर काहीच निघत नाही म्हणा,' त्यांच्यापैकी कुणी मला माझ्या त्या पत्रासारखं उत्तर लिहून दिलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. तुझ्याबाबतीत मला तो पर्याय सुचलाच नाही.

परीक्षेला महिनाही राहिलेला नाही. मी काहीतरी गोड लिहावं असं वाटतं, पण तू माझी मुलगी आहेस, गोड लिहिलं तर तुला संशय येईल. म्हणून खरं तेवढंच लिहिते. तू पास होशील की नाही, मला माहीत नाही. आधीही माहीत नव्हतं.

आई


ग्राझ, ८ जुलै

टिली,

परीक्षा झाली. तू फोन केला नाहीस आणि मीही केला नाही. ह्याला हल्ली मी प्रगती म्हणते.

तू बेकरीत होतीस तेव्हा गेल्या महिन्यात बाबांचा फोन आला होता. तो तुला सांगेल न सांगेल, म्हणून मीच सांगते. तिघांपैकी दोघांना ठाऊक आणि तिसऱ्याला नाही, असं आपल्या घरात फार चालतं.

पहिलं वाक्य काय, तर "गेर्ली, शार्पनर माझ्याकडेच आहे."

"सापडलं?"

"हाताला लागलं. कपाटात खाली."

मी विचारलं, "डोळ्यांचं काय?"

"मधोमध काही दिसत नाही. कडेचं दिसतं. वर्तुळं दिसतात अजून. आत काय आहे ते नाही दिसत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, निम्मं नाटक आहे."

"निम्म्याहून जास्त म्हणाले असते."

तो हसला. तुझ्या बाबांचं हसणं मी विसरले होते. म्हणजे, विसरले होते असा माझा समज होता.

"मी तिला बोलावलं नाही," तो म्हणाला. "पत्ता शोधून आली. दार उघडलं, मला कळेना कोण आहे. तर म्हणते, 'बाबा, आईला नको असलेली ती खुर्ची अजून ठेवलीयस?' मग कळलं. इन्सब्रुकही तिनेच भरलं. मी म्हटलं, घरी जा, ग्राझमधून बस, माझं मी बघतो. तर म्हणाली, 'बघता येत नाही म्हणूनच तर राहिलेय.'"

तुझी जीभ कुणावर गेलीय ह्यावरून आम्ही भांडायचो. तो वाद आता मिटला असं मी जाहीर करते.

मग मी बाणांचं विचारलं. माझ्या वर्गात जी कधी बसली नाही ती बाण शिकली कुठे?

"भिंतीतून," तो म्हणाला. "तुझा वर्ग बाहेरच्या खोलीत आणि तिची खोली पलीकडे. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि कान लावून ऐकायची. तुझ्या सगळ्या मुलांच्या आधी तिची उत्तरं तयार असायची, फक्त ती मोठ्याने म्हणायची नाही. हे तिने मला इथे आल्यावर सांगितलं. तुला सांगू नको म्हणालीये."

आणि मार्चचं पत्र. तो म्हणाला, "वाचता वाचता ती मध्येच थांबली. मी म्हटलं, पुढे वाच. तर म्हणाली, 'पुढे काही नाही बाबा, फक्त गाय उठली का ते विचारलंय.' गेर्ली, त्या पत्रात काय होतं?"

मी म्हटलं, "तिलाच विचार."

तो म्हणाला, तू त्याला सांगितलं नाहीस. माझ्या जूनच्या पत्रातला तुझा भागही त्याला वाचून दाखवला नाहीस, पत्र घडी घालून खोलीत नेलंस. ते ठेवलंस की फाडलंस, मला माहीत नाही. निकालाची तारीख मला पाठ आहे, पण मी त्यावर काहीही बोलणार नाही. बुर्गीलाही सांगून ठेवलंय की तू मंडईतून काय नेतेस ते मला कळवायचं नाही. परवा तिने तरी फोन केलाच. "पोरीने एवढं मोठं चीज नेलं, चांगला चेहरा होता," म्हणाली. मी म्हटलं, "बुर्गी, चीज नेलं, एवढंच निघतं."

जेवत जा.

आई


ग्राझ, १७ ऑगस्ट

सेव्हेरिन,

(वाचणारीने हे मोठ्याने वाचावं. गाळू नये. गाळलं तर मला कळतं.)

टिलीचं कार्ड आलं. पुढच्या बाजूला तुमचे ते डोंगर आहेत, ते मी बाजूला ठेवले. मागे एवढंच:

'सगळे कांदे डॉक्टर होतात. टिली कांदा आहे. काय निघतं?'

मी चष्मा पुसला. आधी पहिला शब्द तपासला, 'सगळे' आहे की 'काही', कारण 'काही' असता तर काहीच निघालं नसतं. खिडकीपाशी नेऊन पाहिला. 'सगळे' आहे. मग बाण काढला, मग तुझ्या आठवणीखातर वर्तुळंही काढली. दोन्हींकडून एकच निघालं. पण निष्कर्ष बरोबर निघाला म्हणून तो खरा असतोच असं नाही, हे मी मुलांना दर सोमवारी सांगते; विधानं खरी आहेत का, हे प्रश्नात लिहिलेलं नसतं. म्हणून फोन लावला. हे संभाषण तुला ऐकू आलंच असेल, तू शेजारी बसून खोकत होतास, तरी नोंदीसाठी लिहिते.

"टिली, तू कांदा आहेस का?"

"आहे गं आई."

"कशावरून?"

"विद्यापीठाकडून आलंय. इन्सब्रुक, ऑक्टोबरपासून."

"वाच."

तिने वाचलं.

"पुन्हा वाच. सावकाश. त्यात 'जर' कुठे नाहीये ना?"

"आई!"

"'काही' पण नाही?"

"बाबा, घे हिला," असं म्हणून तिने तुला फोन दिला, आणि तू म्हणालास, "गेर्ली, मी सगळं पत्र पाहिलं, अगदी स्वच्छ आहे." तू! पाहिलंस! तुमच्या घरात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा मी?

मग फोन ठेवला आणि मी बाहेरच्या खोलीत गेले. वर्गाला सुट्टी आहे. ती भिंत मी आजवर नीट बघितली नव्हती. बोटाने वाजवून पाहिली तर पुठ्ठ्यासारखी वाजते.

शार्पनर राहू दे तिकडेच. शरीररचनेच्या आकृत्या काढताना पेन्सिलला चांगलं टोक लागतं म्हणतात. टेबलाचे व्रण मी पॉलिशने बुजवणार होते, ते आता तसेच ठेवतेय. ऑक्टोबरात मी येते आहे. उतरणार बुर्गीकडे, म्हणजे कुणी काही अनुमान काढायला नको. तुझा दंड धरायला मी येत नाहीये, ते टिली करते. पण कोबी निवडायची असेल तर मला सांग, आता तुला वाद घालता येणार नाही.

तेलाचं पार्सल आज पोस्टात टाकलं. गेल्या हंगामाचं आहे, बाटल्या भरपूर वर्तमानपत्रात गुंडाळल्यात, तेव्हा फुटतील म्हणून घाबरू नका. पार्सलवर तुझं नाव नाही. उत्तरं जिने दिली तिचं घातलंय.

छत्रीची एक आणि गायीची एक, अशा दोन बाटल्या होतात. तीन घातल्या आहेत.

गेर्लिंडे